केनोराहून आलेली कॅसेट

१

कॅसेटवरच्या गिटारची दुसरी तार जिथे असायला हवी त्याच्या किंचित खाली होती. फार नाही, अर्धस्वराच्याही निम्म्याने. शंभरांतल्या नव्वद जणांना ते कळणार नाही. त्यांना एवढंच वाटेल की वाजवणारा माणूस उदास आहे. माझ्या पडद्यावर मात्र आकडा स्थिर होता. सेकंदाला दोनशे चाळीस कंपनं. हवी होती दोनशे सत्तेचाळीस.

"तोच आहे ना?" इर्या हकालाने विचारलं.

माझ्या दवाखान्यात कानांची तपासणी करून घ्यायला लोक ज्या खुर्चीत बसतात, त्या खुर्चीत ती कोट न काढता बसली होती. वय चौऱ्याहत्तर. चर्चच्या गायनात आम्ही दोघी अकरा वर्षं शेजारी उभ्या राहतो. तिचा मुलगा आर्वो सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मासेमारीची जाळी काढायला सुपीरिअर सरोवरावर गेला आणि परत आला नाही. बोट सापडली, उलटी. तो सापडला नाही. त्यानंतर दर शरद ऋतूत पास्टर नीमी तिला विचारत, इर्या, यंदा त्याची अंत्यप्रार्थना करायची का, आजी-आजोबांच्या थडग्याच्या दगडावर त्याचं नाव घालायचं का? आणि ती दर वेळी म्हणे, घाई कसली आहे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला हे पाकीट आलं होतं. आत एक कॅसेट, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता नाही, शिक्का केनोराचा, इथून दिवसभराच्या बसप्रवासावरच्या गावाचा. कॅसेटवर अडीच मिनिटांचं गिटारवादन. आर्वोच्या जुन्या एकोणीस कॅसेटींपैकी एकीवरही ही चाल नव्हती.

"पोलीस काय म्हणाले?"

"म्हणाले, आजी, गिटार काय कुणीही वाजवतं." तिने पर्स मांडीवर सरळ केली. "मी सोमवारच्या बसने केनोराला निघाले आहे. त्याचा फोटो घेऊन. लोकांना विचारत फिरेन. तू त्याआधी फक्त एवढं सांग, सिल्वी. तोच आहे की नाही. तू सांगितलंस तर मी ऐकेन."

तिचा नवरा ताउनो दाराशी उभा होता. आर्वोचा घरी गाणी नोंदवायचा फोर-ट्रॅक रेकॉर्डर त्याने स्वतः उचलून आणला होता आणि जुन्या कॅसेटी बुटांच्या खोक्यात. त्याने आयुष्यभर कागद गिरणीत काम केलं आणि कान तिथेच ठेवून आला. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला यंत्रं बसवून दिली. माणसांचं बोलणं तेवढं पुढे आणणारी, फ्रीज, पंखा, मोटार असला एकसारखा खालचा आवाज गाळून टाकणारी.

"हे मशीन जरा हळू फिरतं," तो म्हणाला. "आतला पट्टा सैल झालाय. मोजताना लक्षात घे."

"तू गप्प बस रे म्हाताऱ्या," इर्या म्हणाली. "तिला तिचं काम कळतं."

ते गेल्यावर मी जुन्या एकोणीस कॅसेटी एकेक करून लावल्या. प्रत्येकीत दुसरी तार दोनशे चाळीसवर होती. सगळ्या एकाच जागी खाली. जगातला दुसरा कुणी सहज असा सूर लावणार नाही. मी फोन हातात घेतला, इर्याचा नंबर अर्धा फिरवला, आणि खाली ठेवला. एवढं मोठं वाक्य बोलण्याआधी सूर खाली का, हे मला कळायला हवं होतं.

२

ड्वेन पेलेटिए आर्वोबरोबर आठ वर्षं बास गिटार वाजवत होता. आता टायरच्या दुकानात काम करतो. मी गेले तेव्हा तो एका ट्रकचं चाक उतरवत होता.

"माझे कान तपासायला आलात की काय, डॉक्टर? उशीर झाला. आर्वोने वाट लावून ठेवली आहे."

मी कॅसेटचं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने हात पुसले, कॅसेट माझ्या छोट्या यंत्रावर ऐकली, पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा टायरच्या चळतीवर बसून.

"त्याच्यासारखं आहे," तो म्हणाला. "पण अंगठा घाबरलेला आहे. आर्वोचा अंगठा कशाला घाबरत नसे."

"केनोराला तू जातोस?"

"महिन्यातून दोनदा. टायर पोचवायला." तो थांबला. "म्हणजे मी पाठवली असं वाटतंय तुम्हाला?"

"मी विचारतेय फक्त."

"मॅडम, त्या म्हातारीला मी दर नाताळात भेटतो. ती मला त्याची खोली दाखवते. चादर बदललेली असते. मी तिला असलं पाकीट पाठवेन?"

मी त्याला सूर खाली का याबद्दल विचारलं. मशीनचा दोष असेल का?

"मशीन?" तो हसला, आनंद नसलेलं हसू. "गिटारच खाली असायची. खोलीतच. गिटारचा आवाज मोठा करणारा त्याचा तो अॅम्प ठाऊक आहे ना? आजोबांच्या वयाचा. लावला की घूं सुरू, बंद करेपर्यंत घूं. कुणीही दुरुस्त करून घेतला असता. हा शहाणा काय करायचा? त्या घूंशी गिटार जुळवायचा. म्हणायचा, खोलीत जो आधीपासून गातोय त्याचा मान राखायचा. मग ती गुणगुण गाण्याच्या पोटात जाते, ऐकूच येत नाही. आणि खरंच यायची नाही. पण मला दर वेळी बास खाली उतरवावा लागायचा, आणि घरी गेल्यावर परत वर. मी त्याला वाढदिवसाला ट्यूनर दिला. गिटारीला चिमट्यासारखा लावायचा, सूर लागला की हिरवा दिवा. त्याने खोकं उघडलंसुद्धा नाही."

"रेकॉर्डिंग कुठे करायचे?"

"साउनामध्ये, वाफ घ्यायच्या खोलीत. हकालांच्या तळघरात. अॅम्प वरच्या बाकावर, मायक्रोफोन पाणी ओतायच्या डावाच्या खिळ्याला टांगलेला. चहूकडे देवदाराच्या फळ्या, आवाज कोरडा यायचा. उन्हाळ्यात. हिवाळ्यात म्हातारा साउना तापवायचा, मग आम्हाला हाकलायचा."

"ताउनो कधी ऐकायला यायचे?"

"ते? जिन्याच्या वरून ओरडायचे, तो कचरा बंद करा म्हणून. आम्ही वाजवत असताना आठ वर्षांत एकदाही खाली आले नाहीत."

मी गाडीत बसून वहीत हिशोब मांडला. या खंडातली वीज सेकंदाला साठ आवर्तनं घेते, आणि जुना अॅम्प तोच सूर धरून घुमतो. साठाची दुप्पट एकशेवीस, त्याची दुप्पट दोनशे चाळीस. आर्वोची दुसरी तार तंतोतंत तिथे होती.

म्हणजे कॅसेटवर आर्वो आहे, असं म्हणायला आता एकच गोष्ट तपासायची उरली होती. आणि ती मी आधीच तपासायला हवी होती.

३

एकोणीस जुन्या कॅसेटी. गिटार थांबल्यावर शेवटच्या दोन-तीन सेकंदांत अॅम्पची गुणगुण उघडी पडते. प्रत्येकीत साठ. पट्टा सैल झाला असता आणि मशीन आता हळू फिरत असतं, तर ही साठही खाली घसरली असती. घसरली नव्हती. मशीन ठणठणीत होतं.

मग केनोराची कॅसेट. शेवटची तार विरली. गुणगुण उरली. मी ती तीनदा मोजली, कॅसेट काढून, मशीनचं हेड पुसून, पुन्हा मोजली.

अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

जगात वीज साठवर चालते नाहीतर पन्नासवर, अठ्ठावन्नवर कुठल्याच गावात नाही. इथली वीज साठावरून एवढी घसरली तर शहरं अंधारात जातील. म्हणजे वाजवल्यानंतर सगळंच्या सगळं खाली ओढलं गेलं होतं, गिटारही आणि गुणगुणही. फोर-ट्रॅकवर त्यासाठी एक बटण असतं. नोंदवताना टेप थोडी जलद फिरवायची, म्हणजे नेहमीच्या वेगाने ऐकताना सूर उतरतो.

मी दोन्ही आकडे परत त्यांच्या मूळ जागी नेले. गुणगुण साठवर आणली तर गिटारची तार दोनशे सत्तेचाळीसवर गेली. अगदी बरोबर, ट्यूनरवर हिरवा दिवा लागतो तिथे.

दुसरं मशीन असेल, बिघडलेलं असेल, आर्वो कुठेतरी खोली घेऊन राहत असेल, ही पळवाट मी स्वतःला दिली, आणि तीही लगेच बंद झाली. टेप कशीही फिरो, गुणगुण आणि गिटार एकत्र वर जातात, एकत्र खाली येतात. त्यांचं एकमेकांशी नातं बदलत नाही. आर्वोच्या प्रत्येक कॅसेटवर ते नातं जुळलेलं होतं. इथे ते तुटलेलं होतं. हा माणूस ट्यूनरने सूर लावून बसला, त्याने वाजवलं, आणि मग आर्वोसारखं वाटावं म्हणून सगळं खाली ओढलं.

शुक्रवारची संध्याकाळ होती. इर्याची बस सोमवारी सकाळी आठला.

आर्वो कॅसेटवर नव्हता. मग कोण होतं?

४

टेसा बोर्तोलिन लहान मुलांना पियानो शिकवते. आर्वोबरोबर ती चार वर्षं राहिली आणि तो जाण्याआधी दीड वर्ष त्याला सोडून गेली. आता तिचा नवरा आहे, दोन मुली आहेत, आणि सासर केनोराला आहे.

तिने मला दारातच थांबवलं. "इर्याने फोन केला होता. म्हणाली, टेसा, तो जिवंत आहे, तू त्याला लिही. माझी धाकटी बाजूला उभी होती. काय बोलणार मी?"

"तू कॅसेट पाठवलीस?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मला गिटारचे तीन स्वरमेळ येतात. तेही वाईट."

"गिटार येणाऱ्या कुणाकडून तरी वाजवून घेता आलं असतं."

"सिल्वी, मी त्याला का सोडलं माहिती आहे? लोकांना वाटतं दारू. दारू नव्हती. आमच्या घरात पियानो होता आणि तो त्याच्याबरोबर कधीही वाजवू शकला नाही. मी म्हणायची, एकदा, फक्त एकदा माझ्या सुरात ये. तो म्हणायचा, पियानो ओढून तळघरात आण आणि खाली उतरव. चार वर्षं मी त्या अॅम्पच्या सुरात गायले. घसा दोन्हीकडे ताणायचा." ती थांबली. "मला ऐकव ना."

ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली. मध्येच तिच्या भुवया आखडल्या.

"हे काय आहे? खालची गुणगुण वेगळीच गातेय. गिटारशी भांडतेय ती. हे कुणाला ऐकू कसं आलं नाही?"

मी गाडीकडे परत चालले आणि फुटपाथवरच उभी राहिले. उत्तर तिने दिलं होतं, तिला न कळता.

आर्वोबरोबर त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की गिटारच खाली असते. ड्वेनने बास उतरवला असता. टेसाने वाजवणाऱ्याला अॅम्पशी सूर जुळवायला सांगितलं असतं. दोघांपैकी कुणीही टेपच्या वेगाला हात लावला नसता. तो हात फक्त एकाच माणसाने लावला असता. ज्याने आर्वोला केवळ कॅसेटवर ऐकलं होतं, स्वतः ट्यूनरने सूर लावून त्या कॅसेटींच्या जोडीने वाजवून पाहिलं होतं, आणि सूर जुळेना तेव्हा ठरवलं होतं की दोष मशीनचा आहे.

आणि त्याला ती गुणगुण ऐकू आली नाही. कारण ती त्याच्या कानापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

५

शनिवारी मी ताउनोला यंत्रं साफ करायची आहेत म्हणून बोलावलं. त्याने ती काढून माझ्या टेबलावर ठेवली, शेंगदाण्याएवढी दोन. मी ती साफ केली, परत दिली, आणि त्याने कानांत घालेपर्यंत थांबले.

"पट्टा सैल नाही, ताउनो. मशीन ठीक आहे."

तो उजव्या कानातलं यंत्र पुन्हा नीट बसवत राहिला.

"आर्वो अॅम्पच्या गुणगुणीशी सूर लावायचा. त्याची गिटारच खाली होती. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, कारण तो वाजवत असताना तुम्ही कधी खाली गेला नाहीत."

हे वाक्य मी जास्त मऊ करू शकले असते. केलं नाही.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. डाव्या हाताच्या बोटांची टोकं कडक झालेली होती. गिरणी सोडून त्याला अकरा वर्षं झाली होती. मी आत्तापर्यंत त्या हातांकडे पाहिलंच नव्हतं.

"ती गोळ्या घेत नव्हती," तो म्हणाला. "हृदयाच्या. तोंडात धरायची आणि मोरीत थुंकायची. जानेवारीपासून. मी म्हटलं, इर्या, यंदा प्रार्थना करून टाकू, पास्टर वाट बघतायत. त्या दिवसापासून जेवण सोडलं. म्हणाली, तो नसेल तर मी तरी कशाला आहे." त्याने नाक पुसलं. "मग माझ्या मनात आलं. भावाकडे केनोराला गेलो तेव्हा पाकीट टपालपेटीत टाकलं. पाकीट आलं त्या दिवशी तिने दोन अंडी खाल्ली, सिल्वी. दोन. आणि गोळी पाण्याबरोबर गिळली, माझ्यासमोर."

"आणि आता?"

"आता बसचं तिकीट काढलंय. मला वाटलं होतं, तो कुठेतरी आहे एवढं कळलं की पुरेल तिला. शोधायला निघेल हे डोक्यातच आलं नाही." तो पुढे वाकला. "बाहेर उणे अठरा आहे. रस्त्यात पडेल ती. तू सांग ना तिला, मशीनला काही कळत नाही म्हणून. नक्की सांगता येत नाही म्हणून."

"मग ती जाईल."

"मग सांग की तो नाही. पण माझं नाव नको घेऊस."

"तिने मला एकच प्रश्न विचारलाय. मी त्याचं उत्तर देणार. कॅसेटवर आर्वो नाही. कोण आहे ते तुम्ही सांगायचं."

"ती मरेल," तो म्हणाला. मोठ्याने नाही, हवामान सांगावं तसं.

 

६

रविवारी चर्चनंतर मी त्यांच्याकडे गेले. इर्याने वेलचीचा पाव कापून ठेवला होता. कॉफी ओतताना तिचा हात स्थिर होता. तिला वाटत होतं मी चांगली बातमी आणली आहे.

"तो नाही, इर्या," मी म्हटलं. "शंका नाही. मी चार वेळा तपासलं."

तिने किटली खाली ठेवली. "आई ओळखते."

"सूर खाली ओढलेला आहे. दुसऱ्या कुणीतरी वाजवलंय, त्याच्यासारखं वाटावं म्हणून."

"कुणी? ड्वेनने? त्या पियानोवालीने? एवढा दुष्टपणा कोण करेल माझ्याशी?"

ताउनो खिडकीपाशी उभा होता. बाहेर त्याने सकाळी साफ केलेल्या वाटेवर पुन्हा बर्फ साचत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. 

"मी," तो म्हणाला.

इर्याला आधी ते कळलंच नाही. "तू काय?"

"मी वाजवलं. तो मी आहे."

"तुला कुठे गिटार येते?"

"शिकलो. त्याच्या कॅसेटींवरून. ड्वेनने त्याला ट्यूनर दिला होता, तो खोक्यात तसाच होता, त्याने सूर लावायचो. गुरुवारी तू चर्चच्या गायनाला जातेस तेव्हा. खाली, साउनामध्ये."

"किती वर्षं?"

"चार. त्याआधीची दोन नुसता ऐकत होतो."

ती खुर्चीत बसली. 

"तो होता तेव्हा तुला ऐकवत नव्हतं," ती म्हणाली. "जिन्यावरून ओरडायचास. पाय आपटायचास वरून."

"हो."

"आणि आता एवढं चांगलं वाजवतोस?"

"नाही," ताउनो म्हणाला. "अडीच मिनिटं येतात. तेवढीच."

ती चाल कुठली, तिने विचारलं. त्याने सांगितलं की कुठलीच नाही, बोटं जिथे गेली तिथे गेली. ती मान हलवत राहिली, होकाराची नाही, नकाराचीही नाही.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी ती उशाशी घेऊन झोपले. मी त्याला दूध पाजलंय, ताउनो. आणि मी तुझी बोटं त्याची समजले."

"मला तू जेवायला हवी होतीस."

"माहीत आहे."

"मला दुसरं काही सुचलं नाही."

"माहीत आहे रे मला," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. ती रडली नाही. टेबलावरचे पावाचे कण तिने बोटाने एका जागी गोळा केले आणि ते तसेच सोडून दिले. ताउनो तिच्या खुर्चीजवळ आला, पण हात कुठे ठेवावा हे त्याला समजेना. शेवटी त्याने तो खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"सिल्वी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पास्टर अजून चर्चमध्ये असतील?"

"असतील. दुपारपर्यंत असतात."

"त्यांना फोन लाव. मला बोलता येईल की नाही ठाऊक नाही, तू सांग."

मी फोन काढला. "काय सांगू?"

 ताउनोची बोटं खुर्चीच्या लाकडावर पांढरी पडली होती.

"सांग, प्रार्थना जूनमध्ये करू. बर्फ वितळून जमीन सैल झाली की दगडावर नाव घालायचं. आर्वो ताउनो हकाला, पूर्ण नाव. आणि वर्षं दोन्ही घालायची."